चौसष्ट कला कागदावर, कलाशिक्षक कुठे?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये कलेविषयी मोठे गोड लिहिले आहे. कला आणि विज्ञान यांच्यात भिंत नको, अभ्यासक्रम आणि अभ्यासेतर असा भेद नको, प्रत्येक विषय कलेच्या अंगाने शिकवावा, असे हे धोरण सांगते. त्यासाठी बाणभट्टाच्या 'कादंबरी'तील चौसष्ट कलांचा दाखला दिला आहे. गायन आणि चित्रकला या कला आहेतच, पण सुतारकाम आणि वस्त्रे तयार करणे याही कला आहेत, असे त्यात नमूद आहे. वाचणाऱ्याला वाटावे की आता खेडोपाडीच्या शाळेत रंग आणि सूर यांची नुसती उधळण होणार!

सुतारकाम ही कला आहे हे आम्हाला मान्यच आहे. प्रश्न असा की, ज्या व्यवस्थेने चौसष्ट कलांच्या याद्या केल्या, त्या व्यवस्थेने सुताराच्या, विणकराच्या, चांभाराच्या पोराला पाठशाळेत बसू दिले होते काय? कला ग्रंथात आणि कलावंत गावकुसाला, अशी ती वाटणी होती. याउलट आमची बौद्ध परंपरा पाहा. सांचीच्या तोरणावर विदिशेच्या हस्तिदंती काम करणाऱ्या कारागिरांनी हे कोरीवकाम केले, असा लेख आहे. ज्याने हात लावला त्याचे श्रेय दगडावर नोंदवणारी ती परंपरा आहे. तेव्हा कलेचा मोठेपणा आम्हाला कोणी शिकवण्याची गरज नाही. आमचा सवाल साधा आहे आणि तो हिशेबाचा आहे. जिल्हा परिषदेच्या, नगरपालिकेच्या शाळेत ही कला शिकवणार कोण, आणि कशाच्या बळावर?

या सवालाचे उत्तर धोरणात शोधण्यात अर्थ नाही, कारण धोरण मोडले म्हणून कोणावर दावा लावता येत नाही. उत्तर कायद्यात शोधले पाहिजे.

२००२ च्या शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २१-क आला आणि सहा ते चौदा वर्षांच्या बालकाचे शिक्षण हा मूलभूत हक्क झाला. त्यासाठीचा शिक्षण हक्क कायदा २००९ चा, आणि तो १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या कलम २९ मध्ये अभ्यासक्रम कसा असावा ते सांगितले आहे: संविधानातील मूल्यांशी सुसंगत, बालकाचा सर्वांगीण विकास साधणारा, त्याच्या अंगच्या गुणांना वाव देणारा, कृतीतून आणि शोधातून शिकवणारा. शिक्षकवर्ग आणि शैक्षणिक साहित्य पुरवण्याची जबाबदारी कलम ८ आणि ९ नुसार शासनावर आणि स्थानिक प्राधिकरणावर टाकली आहे. शेवटच्या अनुसूचीत तर नावानिशी लिहिले आहे की सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरापेक्षा अधिक मुले असतील तेथे पूर्णवेळ मुख्याध्यापक असावा, आणि कला शिक्षण, आरोग्य व शारीरिक शिक्षण, कार्यशिक्षण या तीन विषयांसाठी अंशकालीन निदेशक असावेत. प्रत्येक वर्गाला गरजेप्रमाणे अध्यापन साहित्य द्यावे, हेही त्याच अनुसूचीत आहे.

म्हणजे कलाशिक्षक ही कोणाची मेहेरबानी नाही, ती कायद्याची तरतूद आहे. परंतु या तरतुदीत एक मेख मारून ठेवली आहे, ती आपल्या लोकांनी नीट समजून घेतली पाहिजे.

मेख आहे शंभराच्या आकड्यात. सहावी, सातवी, आठवी मिळून शंभरावर पट असलेली जिल्हा परिषदेची शाळा म्हणजे मोठ्या गावातली, बाजारपेठेतली शाळा. वाडी, वस्ती, तांडा, पाडा येथील शाळा चौथी-पाचवीपर्यंत असते, फार तर सातवीपर्यंत, आणि पट असतो वीस, तीस, पन्नास. या शाळांना निदेशक मिळण्याचा प्रश्नच येत नाही. पहिली ते पाचवीसाठी तर अनुसूचीत कलाशिक्षकाचे नावसुद्धा नाही. ज्या वयात मूल हाताला येईल त्या कोळशाने भिंत रंगवते, त्याच वयात कायद्याने त्याच्या हाती रंग देणारा माणूस ठेवलेला नाही. हा आकडा ठरवताना जात पाहिली नसेल, आम्ही तसे म्हणतही नाही. पण आकड्याच्या खाली कोण राहिले ते पाहा: दलित वस्ती, आदिवासी पाडा, भटक्यांची पालवस्ती. जातीचे नाव न घेता जातीला लागू होणारे नियम असेच असतात.

बाबासाहेबांना शाळेत संस्कृत घेऊ दिले नाही, त्यांना फारसी घ्यावी लागली, हे आपल्या घरातील पोरालाही माहीत आहे. त्या काळी विषय जातीने नाकारला जात होता. आज विषय कोणी नाकारत नाही. वेळापत्रकात 'कला' छापलेले असते. बालभारतीने खालच्या वर्गांसाठी कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षण यांचे 'खेळू, करू, शिकू' हे पुस्तकही काढले आहे. प्रगतिपुस्तकात कलेचा रकाना असतो आणि त्यात श्रेणीही भरलेली असते. फक्त शिकवणारा नसतो! नकार देण्याची पद्धत तेवढी बदलली.

आता जेथे शंभराची अट पुरी होते तेथे काय झाले ते पाहू. कायदा आल्यावर आपल्या राज्यात अंशकालीन निदेशक नेमले गेले. पण कसे? करारावर, तुटपुंज्या मानधनावर, पुढच्या वर्षी राहणार की जाणार याची खात्री नसताना. २०१५ मध्ये 'अतिथी निदेशक' अशी संज्ञा आली. शब्दच पाहा! आमच्या मुलांच्या शाळेत कला ही पाहुणी आहे. आली तर आली, नाही तर नाही. दुसरीकडे संच मान्यतेचे गणित पटावर आणि भाषा, गणित, विज्ञान अशा विषयांवर बसते. त्या गणितात चित्रकलेचा, संगीताचा शिक्षक सगळ्यांच्या शेवटी उभा असतो. खाजगी अनुदानित शाळेत चित्रकलेचे सर सेवानिवृत्त होतात आणि त्यांची जागा त्यांच्याबरोबरच निवृत्त होते.

याची दुसरी बाजू अधिक क्रूर आहे. ए.टी.डी., ए.एम. केलेली शेकडो बहुजन मुले-मुली घरी बसली आहेत. आईबापांनी मजुरी करून, कर्ज काढून त्यांना कला महाविद्यालयात घातले, कारण शाळेत 'ड्रॉइंग मास्तर' होता येईल असे त्यांना सांगितले होते. आज कोणी फ्लेक्सच्या दुकानात बसतो, कोणी लग्नाच्या मंडपाची सजावट करतो, कोणी गणपतीच्या कारखान्यात हंगामी रंगकाम करतो. शाळेला शिक्षक हवा आणि शिक्षकाला शाळा हवी, दोघेही एकाच तालुक्यात आहेत, आणि मधे शासन हात बांधून उभे आहे. याला नियोजन म्हणायचे की आणखी काही?

पैशाचे पाहू. समग्र शिक्षा योजनेत शाळेला पटाप्रमाणे संयुक्त शाळा अनुदान असते. निकषानुसार शंभर ते अडीचशे पटाच्या शाळेला वर्षाला ५० हजार रुपये, आणि तीस ते शंभर पटाच्या शाळेला २५ हजार. त्याहून लहान शाळेला आणखी कमी. या रकमेतून विजेचे बिल, खडू, कागद, किरकोळ दुरुस्ती, पाणी, स्वच्छता, सगळे भागवायचे. वीजबिल थकले की मीटर काढून नेतात, पण रंगपेटी नाही म्हणून कोणी विचारायला येत नाही. मग मुख्याध्यापक आधी काय भरणार? शेवटी एखादे गुरुजी किंवा बाई स्वतःच्या पगारातून रंगीत खडू आणतात. त्या शिक्षकांना आमचा जय भीम. पण शिक्षकाच्या खिशावर चालणारा विषय हा शासनाच्या कर्तव्याचा पुरावा होऊ शकत नाही.

१२ मार्च १९२७ रोजी मुंबई विधिमंडळात शिक्षणावरील अनुदानाच्या चर्चेत बाबासाहेबांनी हाच हिशेब मांडला होता. सरकार शिक्षणावर दरडोई १४ आणे खर्च करते आणि दारूवरील अबकारीतून दरडोई दोन रुपयांहून अधिक वसूल करते, निदान जेवढे घेता तेवढे तरी शिक्षणावर द्या, असा त्यांचा मुद्दा होता. भाषणातील गोडवा मोजू नका, तरतूद मोजा, ही बाबासाहेबांची रीत. चौसष्ट कलांचे धोरणही त्याच मापाने मोजले पाहिजे. शाळेच्या जमाखर्चात कलेच्या नावाने एकही वेगळी ओळ नसेल तर धोरणातील सगळी पाने कोरीच समजावीत.

शिक्षक नाही, साहित्य नाही, तरीही शाळा 'कलामय' झाल्याचे दिसते ते कसे? त्याचे उत्तर भिंतीवर आहे. 'मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा' यांसारख्या अभियानांत शाळा रंगवून निघाल्या. लोकवर्गणी काढून बोलक्या भिंती केल्या. रेल्वेच्या डब्यासारखे वर्ग, खांबावर बाराखडी, जिन्यावर पाढे. दिसायला छान आहे, आमचा विरोध नाही. पण त्या भिंती रंगवल्या पेंटरने. मुलाने ब्रश हातात धरला नाही. भिंती बोलक्या झाल्या, मुले मुकीच राहिली. स्नेहसंमेलनाचेही तेच. वर्षातून एकदा मोबाइलवरील सिनेगीतावर आठ दिवस सराव, भाड्याचे कपडे, आणि झाले कलाशिक्षण!

या सगळ्याचा आमच्या मुलांना प्रत्यक्ष तोटा काय, असे कोणी विचारील. तोटा गुणपत्रिकेपर्यंत पोहोचतो. कला संचालनालयातर्फे शासकीय रेखाकला परीक्षा, म्हणजे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट, घेतल्या जातात. इंटरमिजिएट उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याला दहावीच्या निकालात वाढीव गुण देण्याची तरतूद आहे. शास्त्रीय गायन, वादन, नृत्य आणि लोककला यांनाही अशी सवलत ठेवली आहे. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन या गोष्टी पुस्तक पाठ करून येत नाहीत, कोणीतरी शेजारी बसून शिकवावे लागते. शहरातील मूल क्लास लावते, गाण्याच्या परीक्षा देते आणि गुण घेते. वस्तीतील मुलाला शाळेत सर नाहीत आणि क्लासला पैसे नाहीत. म्हणजे शासनाने कलेला गुण ठेवले, पण ते गुण मिळवण्याचे साधन सरकारी शाळेतून काढून घेतले. दहावीत दोन-चार गुणांवर प्रवेश फिरतो तेथे ही गुणांची उघड पळवापळवी आहे. पुढे कला, वास्तुकला, ॲनिमेशन, डिझाइन या शाखांत राखीव जागा असतात, परंतु राखीव जागेच्या दारापर्यंत येणारी वाटच सहावीत बंद झालेली असते. आरक्षण शेवटच्या पायरीवर आहे आणि पहिली पायरी तोडलेली आहे.

आता एक आक्षेप आपल्याच घरातून येतो, त्याला उत्तर दिले पाहिजे. पुष्कळ कार्यकर्ते म्हणतात, "आमच्या पोरांना वाचता येईना, गणित येईना, त्यांना डॉक्टर, कलेक्टर व्हायचे आहे. नाचगाणे कशाला? तेच तर पिढ्यान्पिढ्या करायला लावले आम्हाला!"

या बोलण्यात खरी जखम आहे. हलगी वाजवणे, तमाशात नाचणे, मेलेल्या ढोराच्या कातड्याचे वाद्य मढवणे, हे जातीने गळ्यात बांधलेले काम होते. त्यात कौशल्य होते, पण निवड नव्हती आणि मान तर नव्हताच. पठ्ठे बापूरावांनी देऊ केलेले तमाशाचे पैसे बाबासाहेबांनी नाकारले, तो प्रसंग चळवळीला ठाऊक आहे. आमच्या बायाबापड्यांना नाचवून आलेला पैसा चळवळीला नको, ही ती भूमिका. पण त्याच बाबासाहेबांच्या चळवळीत भीमराव कर्डकांचे जलसे गावोगाव फिरले आणि जे सभेत बसले नाहीत त्यांच्यापर्यंत विचार घेऊन गेले. तेच बाबासाहेब उतारवयात व्हायोलिन शिकायला बसले. तेव्हा विरोध कलेला नव्हता, गुलामीला होता. जातीने लादलेली कला ही वेठ आहे; शाळेत स्वतःच्या इच्छेने शिकलेली कला हा हक्क आहे. हलगी वाजवणाऱ्याच्या मुलाने व्हायोलिन घ्यावे, ब्राह्मणाच्या मुलाने हलगी शिकावी, आणि दोघांना एकाच शिक्षकाने एकाच वर्गात शिकवावे, हे सार्वजनिक शाळेतच होऊ शकते. खाजगी क्लासमध्ये ते कधीही होणार नाही.

कोणी म्हणेल, वामनदादा कर्डकांना लहानपणी शाळा मिळाली नाही, अण्णा भाऊ साठेंनाही जवळजवळ मिळाली नाही, तरी ते मोठे झालेच की! झाले खरे. पण वाट नसताना दोघे-चौघे डोंगर चढून गेले म्हणून रस्त्याची गरज नाही, असे ठरत नाही. असे किती वामनदादा वीटभट्टीवर आणि ऊसतोडीत संपले, त्याची मोजदाद कोणी ठेवली आहे? आणि वाचन-गणित आधी की चित्र आधी हा झगडाच खोटा आहे. महागड्या इंग्रजी शाळा पालकांकडून फी घेऊन चित्रकला, नाटक, संगीत सगळे शिकवतात, त्यांची मुले गणितात मागे पडतात काय? श्रीमंताच्या मुलाला दोन्ही आणि गरिबाच्या मुलाला एकातून एक निवड, असा न्याय आम्ही का मानावा? १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा फुल्यांनी प्राथमिक शिक्षक कसा हवा ते सांगितले होते: शेतकरीवर्गातला, मुलांत मिसळणारा, नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस धरायची लाज न वाटणारा. हात आणि डोके यांची फारकत करणाऱ्या शिक्षणाला तेव्हाच दिलेला तो नकार आहे. आणि राजर्षी शाहूंनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, त्याच दरबारातून गवय्यांना आणि रंगभूमीलाही आश्रय दिला. त्यांना दोन्हींसाठी पैसा सापडला.

शेवटी सर्वांत मोठा धोका सांगतो, कारण तो कलेचेच नाव घेऊन येत आहे. याच धोरणात म्हटले आहे की लहान शाळांत संगीत, कला, क्रीडा शिकवले जात नाही. म्हणून शाळासंकुले करावीत, शाळांचे एकत्रीकरण करावे. आपल्या राज्यात सप्टेंबर २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी 'समूह शाळां'चे प्रस्ताव मागवले गेले. युक्तिवाद असा की मोठ्या शाळेत मुलाला कलाशिक्षक मिळेल. म्हणजे आधी शिक्षक द्यायचा नाही, मग शिक्षक नाही म्हणून शाळाच बंद करायची! राज्याच्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असली पाहिजे. सात-आठ वर्षांची मुलगी ओढा ओलांडून दूरच्या गावी चित्रकला शिकायला जाणार नाही. ती घरी बसेल, धाकट्याला सांभाळील आणि पुढे बोहल्यावर चढेल. म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. मूल शिक्षकाकडे जाणार नाही, शिक्षक मुलाकडे येईल. दहा-बारा शाळांचे केंद्र आधीच अस्तित्वात आहे, केंद्रप्रमुख आहे. प्रत्येक केंद्राला एक कलाशिक्षक आणि एक संगीतशिक्षक नियमित वेतनावर नेमावा, त्याने आठवडाभर शाळा-शाळांत फिरावे. यासाठी एकही शाळा बंद करावी लागत नाही.

मागणी करून घरी बसणे हा आपला धर्म नव्हे. कायद्याने आपल्या हाती जे दिले आहे ते आधी वापरू या. कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या महिला असतात, आणि वंचित गटातील पालकांना प्रमाणात प्रतिनिधित्व द्यावेच लागते. कलम २२ प्रमाणे ही समिती शाळा विकास आराखडा तयार करते आणि शासनाचे अनुदान त्या आराखड्याच्या आधारे ठरायचे असते. आज हा आराखडा बहुधा मुख्याध्यापक लिहितात आणि पालक सही किंवा अंगठा करतात. हे थांबवा. आराखड्यात कलेचे वेगळे कलम घाला: चित्रकलेच्या वह्या, रंग, ब्रश, एक हार्मोनियम, एक ढोलकी, माती, कात्र्या, आणि निदेशकाचे पद. ठराव करा, पोच घ्या, प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्या. शंभरावर पट असून निदेशक नसेल तर कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करा. तिचा निर्णय तीन महिन्यांत द्यावा लागतो. माहिती अधिकारात तालुक्यातील किती शाळांत कलेचे निदेशक आहेत आणि कलासाहित्यावर किती खर्च झाला ते मागवा. समाजकल्याणच्या निवासी शाळांतही हेच प्रश्न विचारा. तोंडी मागणी वाऱ्यावर जाते. लेखी मागणी फायलीत राहते आणि उद्या न्यायालयात उभी राहते.

विहारात रविवारी गायनाचे, चित्रकलेचे वर्ग चालवणाऱ्या तरुणांचे कौतुक आहेच. ते चालू ठेवा. पण विहाराने शाळेची जागा घेऊ नये. आपण वर्गणी काढून शासनाचे कर्तव्य पुरे करत बसलो तर शासन ते कर्तव्य विसरेल. आपल्या वर्गणीतून जयंती साजरी होते, ती होऊ द्या. आपल्या करातून मात्र शाळेत कलाशिक्षक आला पाहिजे.

यंदा आपल्या गावच्या शाळा व्यवस्थापन समितीची बैठक कधी आहे, एवढे आधी विचारून घ्या. आणि त्या बैठकीला जाताना अनुसूचीची प्रत सोबत न्या.

जय भीम!